लिंबू निवडणारे हात

शकू गेल्याचं तिच्या नातवानं गेल्या महिन्यात कळवलं. भरल्या घरात, नातवंडं-पतवंडं बघून गेली, म्हणजे रडावं असं त्यात काही नव्हतं. तरी मी रडले. आणि डोळे पुसल्यावर आधी मनात आलं ते हे, की आता तिच्या आईबद्दल बोलायला मी मोकळी झाले. कोणाला शब्द दिला की तो पाळावा लागतो, आणि माझ्यासारख्या बडबड्या बाईला तो पाळणं किती जड जातं ते माझं मलाच ठाऊक.

शकूची आई म्हणजे आमची काशीवयनी. आमच्या परसाला लागून तिचं घर. नवरा मुंबईला गोदीत कामाला होता. तो शिमग्याला यायचा आणि अंगावरचा रंग निघायच्या आत परत जायचा. घरात ती आणि एकुलती एक शकू. बोर्ली पंचतनच्या बाजारापासून खाडीपर्यंत काशीवयनीचं नाव होतं ते लिंबांमुळे. हसू नका. आमच्याकडे आंबटाला आमसूल आहे, चिंच आहे, लिंबू तसं पाहुणंच. पण लग्न निघालं की लिंबं लागतात, आणि ती काशीवयनीनं निवडल्याशिवाय कोणी चूल पेटवत नसे.

बाजारात ती टोपलीपुढे बसली की लिंबंवाला तोंडातलं पान थुंकून टाकायचा, कारण आता बोलणी खायची वेळ आली हे त्याला कळायचं. गंमत म्हणजे ती लिंबांकडे बघतच नसे. त्याच्या तोंडाकडे बघून त्याच्या म्हातारीची, गाईवासरांची चौकशी करायची आणि हात तेवढा टोपलीत फिरायचा. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात लिंबू एकदा गोल फिरवलं की साल जाड का पातळ, आत रस आहे का नुसता चोथा, तिला कळून जाई. डावीकडे ठेवलेलं घरी यायचं, उजवीकडचं तिथंच राहायचं. एकदा एकानं लिंबं चकाकावीत म्हणून त्यांना खोबरेल चोळलं होतं. काशीवयनीनं टोपलीत हात घातला, बाहेर काढला, त्याच्याच खांद्यावरच्या पंच्याला पुसला आणि म्हणाली, "तेल हाय आमच्याकडं. तू लिंबं दे."

"डोलं फसतात गो," ती मला सांगायची, "बोटं न्हाय फसत. लांबनं सगलीच पिवली दिसतात." हे ती लिंबांबद्दल म्हणायची, माणसांबद्दलही म्हणायची.

कुठलं लिंबू कशाला हेही तिचं ठरलेलं. लोणच्याला पातळ सालीचं, पुरतं पिवळं, देठाशी न दबणारं. जिलेबीच्या पाकाला थोडं हिरवट, कारण पाकाची साखर होऊ द्यायची नसेल तर रसाला धार हवी. मासळीला चोळायला रस आटलेलंसुद्धा चालायचं. काकडीचं धोंडस ती भाजायची, वरखाली निखारे ठेवून, तेव्हा त्यात वेलचीऐवजी लिंबाची साल किसून घालायची. वरची पिवळी तेवढीच. खालच्या पांढऱ्याला किसणी लागली तर शकूच्या पाठीत धपाटा बसायचा.

माझी आणि तिची ओळख झाली ती मात्र माझ्या फजितीतून. मी लग्न होऊन नुकतीच आले होते. सासूबाई म्हणाल्या, आमटीत लिंबाएवढी चिंच घाल. मी घातली. पहिल्या भुरक्यालाच सासऱ्यांचा एक डोळा मिटला तो जेवण संपेपर्यंत उघडला नाही. सासूबाईंनी माझ्या माहेराचा उद्धार सुरू केला होता, तेवढ्यात काशीवयनी मागच्या दारानं आली. तिनं आमटी चाखली आणि मला विचारलं, "कोनच्या लिंबाएवढी घातलीस गो?" मी हातानं दाखवलं. माझं माहेर महाडकडचं, तिकडे लिंबं मोठी. ती हसली नाही. कनवटीचं एक लहानसं लिंबू काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे तुझ्या सासूचं लिंबू. मुठीत धरून ठेव, हाताला सवय होऊ दे." मी ते मुठीत धरून दिवसभर केर काढत, पाणी भरत फिरले. पुन्हा माझी आमटी चुकली नाही.

लग्नाच्या स्वयंपाकात तर लिंबावर सगळं राज्य चालायचं. ती आधी एक लिंबू निवडायची, त्याला कुंकू लावायची आणि चुलीजवळ केळीच्या पानावर ठेवायची. ते मापाचं लिंबू. दहा गावच्या दहा बाया हाताशी असायच्या, प्रत्येकीच्या घरचं माप वेगळं, म्हणून गुळाचा खडा, चिंचेचा गोळा, कोकमाचा मुटका, सगळं त्या एका लिंबाशी ताडून बघायचं. पंगत उठेपर्यंत त्याला कोणी कापायचं नाही. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं ते उचलून सरबतात पिळलं. काशीवयनीनं झारा खाली ठेवला आणि दुसरं लिंबू नक्की करेपर्यंत सगळा स्वयंपाक थांबवला. मामांना उन्हात ताटकळावं लागलं, आणि आम्ही बायका ओच्यात तोंड घालून हसत होतो.

इथपर्यंत आठवायला बरं वाटतं. पुढचं आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

तिकडे इंग्रजांच्या मुलखात मिठाचा सत्याग्रह गाजत होता ते साल. आमच्याकडे नबाबाचं राज्य, बातम्यासुद्धा दबकत यायच्या. त्या साली काशीवयनी बाजारात लिंबं गालाला लावून बघायला लागली. मग ओठांना. मग चक्क डोळ्यांसमोर धरून निरखायला लागली. लिंबंवाला खूश झाला, कारण आता ती निवडायला वेळ लावायची आणि तरी चारदोन कोरडी निघायची. "वय झालं," सासूबाई म्हणाल्या. वय कसलं? चाळिशीसुद्धा नव्हती तिची.

त्याच सुमारास एका लग्नात उकळत्या पाकात लिंबाची फोड पडली. झारा सापडेना. काशीवयनीनं हात घातला आणि ती बोटांनी काढली. सगळ्या बायका किंचाळल्या. ती मात्र फोड टाकून बोटं पदराला पुसत होती. मग आम्हाला एकेक आठवायला लागलं. ती टोप फडक्याशिवाय उतरवते. निखारा चिमट्याशिवाय सरकवते. एका म्हातारीनं तिथंच तिच्यापुढं हात जोडले. "काशीच्या हातात देवी आली," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत ते गावभर झालं.

आमच्या गावदेवीपुढं नवरात्रातल्या नवमीला उकळत्या तेलातून पहिला वडा हातानं काढायची रीत होती. तो मान जिचा होता ती म्हातारी वारली होती आणि मागची काही वर्षं मान रिकामाच होता. गावकरी काशीवयनीकडे आले. तिनं लगेच होकार दिला. मला वाटतं, तिचा स्वतःचाही विश्वास बसला होता. का बसू नये? बोटांनी लिंबू कळेनासं झालं आणि विस्तवही लागेनासा झाला, म्हणजे देवीनं एक घेतलं नि एक दिलं, असा तिनं हिशेब मांडला असणार. नवमीला ढोल घुमत होते. तिनं कढईत हात घातला, वडा काढला, देवीपुढं ठेवला. तोंडावर वेदनेची एक रेष नाही. लोक तिच्या पाया पडले. मीही पडले.

त्या हाताला फोड आले, ते फुटले, आणि जखमा काही भरेनात.

कार्तिकात शकूचं लग्न ठरलं. श्रीवर्धनचं घर, नारळ-सुपारीची वाडी, मुलगा सालस. माघातला मुहूर्त धरला. लग्नाचं लोणचं घालायला मी दुपारची काशीवयनीकडे गेले. शकू नदीवर धुणं घेऊन गेली होती. आम्ही समोरासमोर विळ्या घेऊन बसलो. ती लिंबं चिरत होती, आणि रस तिच्या उघड्या जखमांवरून मनगटापर्यंत ओघळत होता. माझंच अंग शहारलं. "वयनी, झोंबत न्हाय?" मी विचारून गेले.

तिचा हात थांबला. तिनं आधी जखमेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग एक लिंबू उचललं, अर्धं चिरलं आणि मुद्दाम जखमेवर पिळलं. वाट बघितली. पुन्हा पिळलं.

"मी डोलं मिटते," ती म्हणाली. "तू माझ्या हातावर लिंबू ठेव. कुठं ठेवलंस ते मी सांगते."

मी करंगळीजवळ ठेवलं. ती डोळे मिटून तशीच बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "ठेव की गो."

मी हात मागं घेऊन बसले होते. तिनं डोळे उघडले आणि हातावरचं लिंबू बघितलं. मग चोळीची बाही वर सारून तिनं कोपराजवळचा चट्टा दाखवला. रुपयाएवढा, फिकट, कडेला तांबूस. ती अगदी हळू आवाजात बोलली. "माजा मामा असाच व्हता. पेटती विडी बोटाला लागली तरी वास आल्यावर कलायचं त्याला. केवड्याच्या बनापलीकडं झोपडी बांधून दिली गावानं. भाकर काठीनं सरकवायचे."

"आणि घरचे?" मी विचारलं.

"त्याच्या दोनी पोरी तशाच म्हाताऱ्या झाल्या. त्या घरातली पोर कोन करील?"

महारोग हा शब्द आमच्यापैकी कोणी उच्चारला नाही. त्या काळी तो उच्चारायची गरजच नसे. हे माघाच्या आत बाहेर फुटलं तर शकूचं लग्न मोडणार, आणि मग जन्मभर तिच्या दाराशी कोणी विचारायला येणार नाही, हे आम्हा दोघींना उघड दिसत होतं. चिरलेली सगळी लिंबं, मीठ घातलेली बरणी, विळीसुद्धा तिनं केळीच्या बुंध्याशी खड्डा करून पुरली. मला हात लावू दिला नाही. "लगनाचं लोनचं तू घाल, तुझ्या घरी," ती म्हणाली. "आनि शकू जिती हाय तवर ह्यातलं अक्षर बोलायचं न्हाय." मी शब्द दिला. घरी येऊन राखेनं हात घासले, पुन्हा पुन्हा घासले. भीती वाटली, ती वाटली. तेव्हा मी पोटुशी होते.

दुसऱ्या दिवशी काशीवयनीनं गावात सांगितलं की देवीनं हात मागून घेतलाय, लेकीचं लग्न होईस्तोवर ती कोणाला शिवायची नाही आणि अन्नालाही हात लावायची नाही. गावानं ते डोक्यावर घेतलं. मात्र देवी म्हटल्यावर बायका तान्ही पोरं घेऊन यायला लागल्या, डोक्यावर हात ठेव म्हणून. ती दोन्ही हात पदरात गुंडाळून आत पळायची. "मान मिळाला नि माजली," असं मग त्याच बायका बोलायला लागल्या. शकूचं अंथरूण तिनं आमच्याकडे हलवलं. शकूला ते काही उमगेना. "आयला माझा कंटाला आलाय," ती मला सांगायची आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं की तिला वाटायचं मला तिची कीव येते.

लग्नाची लिंबं मी आणली. काशीवयनी लांब पाटावर बसून मला विचारायची. "दाब. बोट आत जातंय का साल वर ढकलतंय? फिरव. जड लागतंय? मग डावीकडं ठेव." माझ्या बोटांनी ती लिंबं निवडत होती. मापाच्या लिंबाला कुंकूसुद्धा मीच लावलं. सगळा स्वयंपाक तिनं नुसत्या तोंडानं केला. रंगावरून पाक ओळखला, वासावरून फोडणी. पंगत तृप्त झाली. नवऱ्यामुलाची एक आत्या होती, ठुशी घातलेली, जिथं तिथं नाक खुपसणारी. ती स्वयंपाकाच्या मांडवात शिरली.

"विहीणबाई, हात का लपवता?" तिनं विचारलं.

"देवीला दिल्यात," काशीवयनी म्हणाली.

"देवीला दिलेले हात आम्हाला बघू तरी द्या. पुण्य लागेल." असं म्हणत ती पुढे झाली आणि काशीवयनीच्या पदराला हात घातला.

काशीवयनी मागं सरकत सरकत कुडाला टेकली, आता जायला जागा नव्हती. तेवढ्यात माझ्या सासूबाई उठल्या. त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं, त्यांचा देवीवर विश्वास तेवढा होता. "खबरदार," त्या म्हणाल्या. "व्रतातला हात उघडा पाडाल तर मांडवाला आग लागंल. उद्या तुमच्या घरात काय इपरीत झालं तर आमच्याकडं यायचं न्हाय." आत्याबाईंनी चटका बसल्यासारखा पदर सोडला. त्या गेल्या आणि काशीवयनीनं पदर पुन्हा हातांभोवती घट्ट गुंडाळला. सासूबाईंना मी त्या दिवसापासून कधी उलट उत्तर दिलं नाही.

शकूची ओटी सासूबाईंनी भरली. आईच्या हातचा घास तिला मिळाला नाही. निघताना ती धावत येऊन आईच्या गळ्यात पडली, तर काशीवयनी हात पाठीमागं घेऊन खांबासारखी ताठ उभी. "जा गो," ती म्हणाली. "गाडी खोलंबलीय." शकूनं मान वर करून आईकडे बघितलं. ती नजर मी बघितली. बघायला नको होती.

शकूचा बाप लग्नापुरता दोन दिवस येऊन गेला होता, म्हणून त्या शिमग्याला तो आला नाही. चैत्रात शकू पहिल्या माहेरपणाला आली. काशीवयनीनं दार उघडलं नाही. तोपर्यंत तिच्या कानाच्या पाळ्या सुजल्या होत्या आणि करंगळी वाकून तळव्याला टेकायला लागली होती. आता देवीच्या नावावर हे खपणार नव्हतं. "तुझं घर श्रीवर्धनला," ती आतूनच म्हणाली. "हितं काय ठेवलंय तुझं?" शकूनं दारावर थापा मारल्या, रडली, पाया पडते म्हणाली. शेवटी ती ओटीवरून उतरली. "आय मेली असती तर रडून तरी मोकली झाले असते," ती म्हणाली आणि त्याच बैलगाडीनं परत गेली.

मी मागच्या दारानं गेले. काशीवयनी दाराला पाठ लावून बसली होती.

"गेली?"

"गेली."

"रागानं गेली ना?"

"व्हय."

"मग परत यायची न्हाय," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडल्याचं तिच्या आवाजात मला ऐकू आलं. त्या आवाजाचा मला राग आला. आणि मग इतकी माया आली की मी हात पुढे केला, तशी ती भिंतीकडे सरकली.

त्याच आठवड्यात ती निघाली. नवऱ्याकडे मुंबईला जाते, असं गावाला सांगितलं. मुंबईत असल्या रोग्यांना ठेवून घेतात, कडू तेलाच्या सुया टोचतात, एवढं तिला कोणीतरी कधी बोललेलं आठवत होतं. पुढच्या शिमग्याला नवरा आला, घर विकलं, आणि काशी तापानं गेली म्हणाला. कुठला ताप, किती दिवस, कोणी विचारलं नाही. शकू निरोप ऐकून रडली नाही म्हणतात. तिचे मुलगे, मुली, सगळ्यांची लग्नं चांगल्या घरांत झाली. आईचा विषय निघाला की ती उठून जायची, आणि मी तिला उठून जाऊ द्यायची.

काशीवयनीला मी शेवटची बघितली ती खाडीच्या काठावर. सकाळची वेळ होती. आगबोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि तिथवर पडावातून जावं लागायचं. ती गाठोडं कोपराला अडकवून पुढे, मी तिच्याच सांगण्यावरून बरीच मागे. पडाव गुडघाभर पाण्यात होता. आमच्याच आळीतला एक तरणा खलाशी बायकांना हात देऊन वर घेत होता. काशीवयनीला बघून त्याचा चेहरा उजळला. नवमीला तो ढोल वाजवायला होता.

"ये वयनी," तो वाकून म्हणाला, "दे हात."

ती पाण्यात उभी राहिली. त्यानं हात आणखी पुढे केला.

"तुला धाकट्या भयनी हायत ना रं?" तिनं विचारलं.

"दोन हायत. का गो?"

पडावाच्या कडेवर दोन्ही कोपरं टेकून तिनं अंग वर ओढलं. एकदा घसरली, कमरेपर्यंत भिजली, पडावातलं कोणीतरी हसलं. खलाशी हात तसाच धरून उभा होता. ती दुसऱ्यांदा कोपरं टेकून वर चढली आणि सगळ्यांपासून लांब, टोकाला जाऊन बसली.